अलमट्टी तिकडे, मुरूम इकडे

आमच्या गावभागातल्या कट्ट्यावर कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या बाबतीत सर्वपक्षीय एकमत आहे. आणि सांगलीत ज्या गोष्टीवर सर्वपक्षीय एकमत होते तिच्याकडे जरा संशयानेच पाहावे, असे निवृत्त तलाठी मंदाताईंचे जुने म्हणणे आहे. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याचा कर्नाटकाचा हट्ट, त्याविरुद्ध अंकलीला झालेला चक्काजाम आणि मुंबई-दिल्लीच्या बैठका हे सारे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे, त्यामुळे ते पुन्हा सांगत बसत नाही. प्रश्न एवढाच होता की पुढच्या आंदोलनाला कट्ट्यातर्फे कोणी जायचे, आणि बाळासाहेबांनी रिवाजाप्रमाणे कोणी न विचारताच नेतृत्व स्वीकारून टाकले होते.

बाळासाहेबांची ओळख करून देणे भाग आहे. चार डंपर आणि दोन जेसीबी यांच्या बळावर ते स्वतःस विकासक म्हणवतात. "मी राजकारणात नाही, पण" या शब्दांखेरीज त्यांचे वाक्य सुरू होत नाही, आणि ज्या पक्षाची सत्ता येईल त्या पक्षाच्या वाढदिवसाच्या फलकावर खालून तिसऱ्या ओळीत त्यांचा हात जोडलेला फोटो आल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज इतका चढला होता की चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला. कर्नाटकाने आपल्याला बुडवायचा कट केला असून २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर अलमट्टीचे पाप आहे, असा त्यांचा निवाडा होता. दिल्लीत आपली बाजू मांडणारा वाघ नाही, ही पुरवणी त्यांनी त्याला जोडली. (संवाद येथे सभ्य मराठीत दिले आहेत. मूळ भाषा छापण्याजोगी नव्हती.)

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात केस पिकवत असलेल्या वैभवने मध्येच सांगितले की, ५२४.२५६ मीटरला कृष्णा पाणी तंटा लवादाने २०१० मध्येच संमती दिली आहे. त्यावर "तू आधी परीक्षा पास हो" हे नेहमीचे उत्तर त्याला मिळाले. भूगोलाच्या मास्तरांनी मग फुगवटा समजावून सांगितला. खाली पाणी अडले की वरच्या प्रवाहाचा उतार कमी होतो, वेग मंदावतो आणि पाणी चढू लागते. हा परिणाम नदीत किती अंतरापर्यंत पोहोचतो यावरच सगळा वाद आहे. शिवाय मध्ये हिप्परगीचा बंधाराही आहे. उंची वाढवण्याला विरोध करणे रास्त आहे, परंतु २०१९ च्या पुरानंतर आपल्याच सरकारने नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडलेले नाही, हेही त्यांनी अत्यंत हळू आवाजात सांगून टाकले.

"समिती विकली गेली," बाळासाहेब म्हणाले.

"कोणाला?" मंदाताईंनी विचारले. "अतिवृष्टी आणि नदीकाठची अतिक्रमणे ही कारणे समितीने सांगितली आहेत. त्यातला पाऊस तर काही विकत घेत नाही."

बाळासाहेबांनी माघार घेतली ती थेट कोयनेपर्यंत. अलमट्टीने अडवले नसेल तर कोयनेने सोडले असेल; १०५ टीएमसीचे धरण भरू द्यायचे आणि ऐन पावसात दरवाजे उघडायचे, ही अधिकाऱ्यांची बेफिकिरी आहे, असे ते म्हणू लागले. या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. विसर्गाचे वेळापत्रक आणि दोन राज्यांतला समन्वय यांवर पावसाळ्यापूर्वी बैठका होतात, त्यांचे फोटो येतात, आणि मग जुलै येतो. पण ताई तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. "वरचा कोयनेवाला दोषी, खालचा अलमट्टीवाला दोषी, आणि मधले आपण तेवढे सोवळ्यात," त्या म्हणाल्या. "पुढच्या पुरात आयर्विन पुलालाच आरोपी करा. १९२९ पासून नदीत उभा आहे, त्याचाही कुठेतरी हात असणारच."

आयर्विनचा विषय निघाला की सांगलीकर गप्प बसत नाही. पाणी ४० फुटांवर गेले की इशारा, ४५ फुटांवर गेले की धोका, ही पट्टी आम्हाला पाढ्यांच्या आधी येते. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेले आणि त्यानंतर दोनच वर्षांनी पुन्हा ५५ च्या आसपास आले. मिरजेहून येणारे सलीमभाई, ज्यांचे घराणे सतारी आणि तंबोरे बनवते, यांनी फार वर्षांपासूनची शंका विचारून घेतली. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे जर असेल, तर ही शंभर वर्षे नेमकी कोणत्या पंचांगातली? मास्तरांनी संभाव्यता म्हणजे वेळापत्रक नव्हे असे समजावण्याचा प्रयत्न केला. परंतु ज्याचे घर सोळा वर्षांत तीनदा पाहुणचार करून बसले आहे, त्याला संभाव्यता समजावणे कठीण असते.

इथे चर्चा अपेक्षेप्रमाणे फ्रीजवर घसरली. २०१९ च्या पुरात बाळासाहेबांच्या ट्रॅक्टरमधून मास्तरांचा फ्रीज विश्रामबागेत हलवला गेला होता आणि नंतर त्याचे पैसे मागितले गेले होते. मास्तरांच्या मते ते भाडे होते, बाळासाहेबांच्या मते ते केवळ डिझेल होते, आणि या मुद्द्यावर दोघांनी आजवर जितका युक्तिवाद केला आहे तितका दोन राज्यांनी लवादापुढेही केला नसेल. त्यात वैभवने त्या वेळच्या शासन निर्णयाची आठवण काढली, ज्यात मोफत धान्यासाठी घर दोन दिवस पाण्याखाली असण्याची अट होती. "माझ्या मेव्हण्याच्या घरातले पाणी दीड दिवसात उतरले," सलीमभाई म्हणाले, "तेव्हा शेजारी त्याला सांगत होता, अरे, अर्धा दिवस धरून ठेव." सगळे हसले, मंदाताई मात्र हसल्या नाहीत. २००५ चे पंचनामे त्यांनी केले होते, आणि चिखलातून भिंतीवरची पाण्याची रेघ मोजताना लोक कसे बघतात, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

त्या ज्या मुद्द्यासाठी दबा धरून बसल्या होत्या, तो आता आला. शामरावनगरात साधा वळीव झाला तरी पाणी साचून राहते. नदी तेव्हा पात्रात निवांत असते. "तिथे अलमट्टीचा फुगवटा कोणत्या गल्लीतून येतो, ते मला दाखवा," त्या म्हणाल्या. या शहराभोवती जे ओत होते, म्हणजे नदी फुगली की पाणी पसरायचे आणि ओसरायचे ते सखल पट्टे, ते एकेक करून मुरमाने भरले गेले. नाल्यांचे गटार झाले. गुंठ्यागुंठ्याने प्लॉट पडले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने त्यांतले बरेच नियमित झाले. नदीचे अंथरूण काढून घेतल्यावर ती आपल्या खाटेवर येऊन झोपते, यात कर्नाटकाचा काय संबंध?

बाळासाहेब दुखावले, आणि दुखावलेला माणूस कधी कधी खरे बोलतो. विश्रामबागेतला गुंठ्याचा भाव हमालाला, रिक्षावाल्याला, हळदीच्या पेठेत पोती उचलणाऱ्याला परवडणार आहे काय, असे त्यांनी विचारले. आम्ही भराव टाकला म्हणून त्या माणसाला छप्पर मिळाले. तुम्ही पेन्शनवाले आता नदीच्या बाजूने बोलता. क्षणभर कट्ट्यावर कोणालाच उत्तर सुचले नाही, आणि माझ्या मते बाळासाहेबांनी इथेच थांबायला हवे होते. ताईंनीही मान्य केले की स्वस्त घरांची सोय ज्यांनी करायची त्यांनी ती केली नाही, म्हणून गरीब माणूस ओतात गेला. "पण तो गेला नाही, त्याला नेले," त्या म्हणाल्या. "आणि नेणाऱ्याचा बंगला टेकावर आहे."

मात्र बाळासाहेब थांबले नाहीत. लोकांचा कैवार घेण्याच्या भरात त्यांनी सरकारच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाला हात घातला. कर्नाळकडची त्यांच्या सासऱ्यांची बागायत आखणीत जात असल्यामुळे या एका विषयावर ते सरकारविरोधी आहेत. नदीकाठाने एवढा उंच भराव घातला तर पाणी तुंबून सगळा पट्टा बुडेल, हे सांगायला कोणा तज्ज्ञाची गरज नाही, असे त्यांनी मांडीवर थाप मारून सांगितले.

"म्हणजे सरकारचा भराव पूर आणतो," मंदाताई म्हणाल्या, "आणि तुमचा पूर पितो काय?"

यानंतर बराच वेळ कोणाचेच काही ऐकू येत नव्हते. सलीमभाईंना ठसका लागला. त्यातून सावरल्यावर त्यांनी आमच्याच जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याचा तोडगा मांडला. २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला होता आणि तिकडच्या योजनेचे पाणी सीमेवरच्या तलावात सोडूनही दाखवले होते. तेव्हा जतसारखेच गावभागानेही कर्नाटकात जाण्याचा ठराव करावा, म्हणजे त्यांच्यासाठी म्हैसाळ उपसा सिंचन योजना जशी घाईघाईने वाढली तसे आमच्याकडेही कोणीतरी मंत्री धावत येईल. एकाच जिल्ह्याच्या एका टोकाला पाणी नको आणि दुसऱ्या टोकाला पाणी द्या, अशी निवेदने एकाच अधिकाऱ्याच्या टेबलावर पडतात, याचे वैभवला फार नवल वाटले. त्याला अजून नोकरी लागायची आहे.

मास्तरांना आता धीर आला होता. नैसर्गिक निचरा, नदीचे हक्काचे क्षेत्र, भावी पिढ्या असे शब्द ते वापरू लागले. ताईंनी त्यांना वाक्य पूर्ण करू दिले आणि मग शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या प्लॉटाची नोंद मीच धरली होती. सातबाऱ्यावर पोटखराबा होता, म्हणजे लागवडीला न चालणारी जमीन."

"आणि मुरूम माझा होता!" बाळासाहेब इतके खूश झाले की त्यांनी कपातला चहा बशीत न ओतताच पिऊन टाकला. "अठ्ठावीस खेपा. अजून तीन खेपांचे पैसे यायचे आहेत."

"ते फ्रीजच्या भाड्यात वळते करून घ्या," मास्तर म्हणाले.

"डिझेल!" बाळासाहेब ओरडले.

आंदोलनाला कोणी जायचे हे ठरायचे राहूनच गेले होते. बाळासाहेबांनी कट्ट्याला एक डंपर मोफत देऊ केला, त्यावर 'अलमट्टी हटाव, सांगली बचाव' असा फलक लावण्याचेही ठरले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते दोन पावले बाजूला गेले आणि आवाज खाली आणला. पण ज्याने आयुष्यभर जेसीबीशेजारी उभे राहून हुकूम सोडले त्याचा खालचा आवाजही समोरच्या गल्लीत ऐकू येतो. "नको, नको, आत्ता रिकामा करू नकोस," ते ड्रायव्हरला सांगत होते. "तलाठीणबाई इथेच बसल्यात. दुपारी टाक."