रंग पक्का, डोकं गरम

काल दुपारी अडीच वाजता, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात, पंखा नुसती गरम हवा ढवळत असताना, एका माणसानं माझ्या डोळ्यांदेखत ‘सोलिदोस’वर लाल पेननं काट मारली आणि वर लिहिलं ‘रापिदोस’. का? तर पुतण्याच्या मोबाइलनं सांगितलं म्हणून.

फास्ट कलर. टॉवेलच्या लेबलवर कोपऱ्यात बसणारे दोन शब्द. इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये करायचे होते, मी केले. कोलोरेस सोलिदोस. स्पॅनिशमध्ये पक्क्या रंगांना हेच म्हणतात. स्पॅनिशची ती डेले बी-टू परीक्षा काय मी शेंगा फोडत पास झाले?

“मॅडम, हे सोलिदोस काय लिहिलाव?”

“मालक, रंग पक्का आहे म्हणून. धुतल्यावर जात नाही.”

“सॉलिड म्हणजे प्लेन. आपला माल चेक्सचा. उद्या पार्टी म्हणंल, प्लेन सांगून चेक्स गळ्यात मारला.”

इथं मी दोन सेकंद गप्प झाले, आणि खरा राग त्या दोन सेकंदांचा आहे. कारण टॉवेलच्या धंद्यात सॉलिड म्हणजे एकरंगीच, त्यात मालक चुकीचे नाहीत. पण ते इंग्रजीतलं सॉलिड! स्पॅनिशमध्ये एकरंगीला लिसो आहे की. म्हणजे एका इंग्रजी शब्दाच्या जाचातून सुटावं म्हणून मी स्पॅनिश शब्द काढला, तर त्याला दुसरा इंग्रजी शब्द येऊन चिकटला. हे मी समजावून सांगेपर्यंत पुतण्यानं फोन माझ्या नाकासमोर धरला. “काकू, हे बघा ना, फास्ट म्हणजे रापिदो.”

काकू. मी चौतीस वर्षांची आहे. असो.

“खाली अजून एक आहे, आयुनो.”

“तो उपास,” मी म्हटलं.

“मग ते नको,” मालक गंभीरपणे म्हणाले, जणू मीच सुचवलं होतं. “एकादशी आपण धरायची. टॉवेलनं नाही.” गळ्यात माळ आहे त्यांच्या, दरवर्षी पंढरपूरला चालत जातात, त्यामुळं यावर हसायचं की नाही हे पण मला कळेना.

तर आता बारा हजार लेबलांवर छापणार ‘कोलोरेस रापिदोस’. वेगवान रंग. अहो, वेगवान रंग म्हणजे पळणारा रंग! पहिल्याच धुण्यात बादलीत पळतो, असंच वाचणार ना समोरचा? रंग पळत नाही हे सांगायला लेबल लावायचं आणि लेबलवर नेमकं पळतो असंच छापायचं. आणि गंमत अशी की फास्टचा मूळ अर्थच मुळी घट्ट, पक्का. नियम घट्ट धरला म्हणून उपास, जोर लावून पळाला म्हणून वेग, ही सगळी नंतरची पिलावळ. घरातला थोरला लेबलवर बसलाय आणि धाकट्यानं सातबारा स्वतःच्या नावावर करून घेतलाय. हे सांगितलं मी तिथं. पुतण्या रील बघत होता.

ह्या इंग्रजीची मला चीडच आहे. एक शब्द आणायचा, त्याच्यावर पाच कामं लादायची आणि ओझं दुसऱ्यानं उतरवायचं. मागच्या दिवाळीला ‘लाइट ब्लू’चं झालं होतं ‘लूस आसूल’. निळा उजेड! फिकट निळा पाहिजे तर आसूल क्लारो म्हणा की. आणि ‘पाइल’? टॉवेलवर जे दोऱ्याचे बारीक फासे उभे असतात ते पाइल, स्पॅनिशमध्ये रीसो. मोबाइल म्हणाला पिला. पिला म्हणजे ढीग, पिला म्हणजे बॅटरीत घालतो तो सेल. ‘सेल : 100 टक्के कापूस’ असं लेबल मी स्वतः छापायच्या आधी अडवलंय, आणि त्याचे मला शून्य रुपये मिळालेत, कारण “नवीन काही लिहिलंच नाही ना तुम्ही, खोडलंय फक्त.” त्यातल्या त्यात नशीब, कोणी पाइलचं अनेकवचन विचारलं नाही. आपल्याकडं त्याच्या पाट्या दर दुसऱ्या विजेच्या खांबावर आहेत, बिनाऑपरेशन, खात्रीशीर.

आणि ते “स्पॅनिश म्हणजे इंग्रजीच ना, थोडं वाकडं?” आणि ते लग्नात भेटलेले काका, “बोल बरं काहीतरी.” ओला, म्हणजे नमस्कार, म्हटलं की, “कोण ओला? टॉवेल?” दर वेळी. दर वेळी! आणि शब्दाला भाव सांगितला की, “दोनच अक्षरी आहे, त्याचं कसलं?” बरं, पैसे तरी वेळेवर द्यावेत. स्पॅनिशमध्ये वाट बघणं आणि आशा करणं याला एकच क्रियापद आहे, एस्पेरार. माझ्या बिलांवरूनच काढलं असणार.

हां, आता खरं सांगायचं तर ‘बाथ शीट’ला त्याच पुतण्यानं ‘साबाना’ लिहिलं तेव्हा मी ऑफिसभर हसले होते. साबाना म्हणजे बेडशीट! टॉवेल पांघरून झोपणार का! आणि पंधरा दिवसांनी पार्टीचीच मेल आली, त्यात मोठ्या टॉवेलला चक्क ‘साबाना दे बान्यो’. स्पेनमध्ये म्हणतात तसं. पुतण्या काही बोलला नाही, नुसता बघत होता. ते बघणं मला अजून आठवतं. आणि मराठी तरी कुठं धुतल्या तांदळाची? भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, आग लागते, वेड लागतं. माझ्या क्लासमधल्या पोरानं एकदा ‘वेळ लागेल’चं स्पॅनिश विचारलं, तर मीच वेळ लावला.

संध्याकाळी सात रस्ता चौकाच्या सिग्नलला मनातल्या मनात मालकांशी भांडत घरी आले. नळाचा दिवस, पाच दिवसांनी पाणी, आई एका हातानं पिंप भरतेय, दुसऱ्या हातानं धुणं. माझ्याकडं न बघताच ओरडली, “तुझा तो लाल ड्रेस वेगळा भिजव, रंग जातोय त्याचा.”

रंग जातोय.

मी पायऱ्यांवर बसलेच. रंग जात नाही. नो देस्तिन्ये. अगदी साधं स्पॅनिश, बाजारातल्या बायका बोलतात तसलं. ना फास्ट, ना सॉलिड, ना उपास. दुपारी मालकांना मीच मराठीत सांगितलं होतं की, ‘धुतल्यावर जात नाही’! तोंडातून मराठी गेली आणि कागदावर इंग्रजीतून गेले मी, मधल्या दलालाकडून, आणि वर पाऊण तास अर्थशास्त्र, म्हणजे शब्दांच्या अर्थाचं, शिकवत बसले. बी-टू.

लगेच मालकांना व्हॉट्सॲपवर टाकलं, ‘दोन्ही खोडा, नो देस्तिन्ये छापा.’ दहा मिनिटांनी व्हॉइस मेसेज आला, मागं मशीन धडधडतंय.

“मॅडम, पुतण्या म्हणतोय हे डेस्टिनी हाय. नशीब. आपल्या टॉवेलात नशीब नाही, असं कसं छापायचं ओ?”