तुक्का अठरा सामने टिकत नाही

18 नोव्हेंबर 2025 ला ढाक्यात आशिया चषक पात्रतेच्या फुटबॉल सामन्यात आपण बांगलादेशकडून 0-1 हरलो आणि त्या रात्रीपासून एक मेसेज फिरायला लागला. पुण्यात एसएसपीएमएसच्या मैदानावर रविवारी सकाळी खेळणाऱ्या आमच्या मंडळींच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तीन वेगळ्या माणसांकडून, आणि तिघांनीही 'जसा आला तसा' असं लिहून हात झटकले. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: ढाक्यात भारताचा कोच असलेला खालिद जमील खेळाडू म्हणून कुणीच नव्हता. त्याच्या हाताखाली ऐझॉलने 2016-17 ला मिळवलेलं लीगचं विजेतेपद हा तुक्का. त्याला बचावापलीकडे काही येत नाही. महासंघाला परदेशी कोच परवडेना म्हणून हा स्वस्तातला गळ्यात मारला. आणि भारतीय कोचच्या हाती संघ दिला की असंच व्हायचं.

एकेक घेतो. क्रम माझा, कारण सगळ्यात मोठी थाप दुसऱ्या नंबरवर आहे.

ऐझॉल. 2015-16 च्या मोसमात मिझोरामचा हा क्लब आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशाच्या अव्वल लीगमधून, खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी लीग सोडली, म्हणून ऐझॉलला परत आत घेतलं. इथपर्यंत नशीब, शंभर टक्के मान्य. पण पुढच्या मोसमातले 18 सामने कोण खेळलं? 37 गुण ऐझॉलचे, 36 मोहन बागानचे. नॉकआउटमध्ये एखाद्या दुपारी तुक्का लागतो, चेंडू कुणाच्या तरी ढोपराला लागून आत जातो आणि पेपरात फोटो येतो. लीगमध्ये जानेवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत रोज कोण लावणार तुक्के? शेवटून दुसरा सामना मोहन बागानशी, 22 एप्रिल 2017, झोमिंग्लियाना राल्टेचा हेडर, 1-0. मग 30 एप्रिलला शिलाँगमध्ये लाजोंगविरुद्ध एक गुण हवा होता. सुरुवातीलाच गोल खाल्ला, उत्तरार्धात विल्यम लालनुनफेलाने बरोबरी केली आणि ईशान्य भारतात पहिल्यांदाच लीगचा करंडक गेला. 'ऐझॉलला घरच्या मैदानाचा फायदा होता' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, करंडकाचा शेवटचा गुण परक्या मैदानावर, मागे पडून मिळवला होता.

आता मेसेज लिहिणाऱ्याला बहुधा माहीतच नसलेली गोष्ट. खालिद 2009 पासून सात वर्षं मुंबई एफसीचा कोच होता. पैसा बेताचा, नावं बेताची, तरी एकाही मोसमात संघ खाली गेला नाही. मधल्या काळात मुंबईच्या कूपरेज मैदानाचं काम चालू होतं म्हणून त्यांचे 'घरचे' सामने आपल्या बालेवाडीत व्हायचे. आम्ही दोघं-तिघं स्कूटर काढून जायचो. एवढं थोरलं स्टेडियम आणि आत माणसं इतकी कमी, की बेंचवरून कुणी ओरडलं तर वरच्या रांगेत ऐकू यायचं. घरचा सामना खेळायला घाट चढून यायचा, संपला की परत घाट उतरायचा. अशा परिस्थितीत संघ लीगमध्ये टिकवणं हे काम दिसत नाही, कारण त्याला करंडक मिळत नाही. 2016 मध्ये क्लब आणि खालिद वेगळे झाले. पुढच्या मोसमात काय झालं? खालिद ऐझॉलबरोबर पहिला आला. त्याच लीगमध्ये मुंबई एफसी शेवटचं आलं आणि खाली गेलं. ऐझॉलच्या संघात आशुतोष मेहता आणि जयेश राणे होते, दोघंही मुंबई एफसीत त्याच्या हाताखाली तयार झालेले. याला तुक्का म्हणायचं असेल तर शब्दकोश बदलावा लागेल.

खेळाडू म्हणून कुणीच नव्हता? कुवेतमध्ये जन्मलेला हा मुलगा मुंबईत येऊन महिंद्रा आणि एअर इंडियाकडून मिडफिल्डला खेळला, भारताकडूनही खेळला. 2005-06 ला महिंद्रा युनायटेडने नॅशनल लीग जिंकली तेव्हा तो त्या क्लबात होता, आणि कोच होते भारताचेच डेरिक परेरा. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल दोघांचं बोलावणं त्याने नाकारलं, कारण दोघांच्या नावापुढे तेव्हा दारूच्या कंपनीचं नाव लागायचं. दुखापतींनी पाय लवकर थांबवले, तिशी ओलांडता ओलांडता तो कोच झाला. 'नव्हता' आणि 'आम्ही पाहिला नाही' यात फरक आहे, एवढंच.

बचावाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. तो मागून बांधत येतो, सुंदर खेळाचा आग्रह धरत नाही. ज्याच्या हाती आयुष्यभर लहान क्लब आले तो दुसरं काय करणार? पण बचाव म्हणजे नुसतं दार लावून बसणं नव्हे. 2021 मध्ये नॉर्थईस्ट युनायटेडचा संघ मोसमाच्या मध्यात हाती आला, तिथून साखळीतला एकही सामना न हरता त्याने आयएसएल या फ्रँचायझी लीगची उपांत्य फेरी गाठली. जमशेदपूरला 2025 मध्ये उपांत्य फेरीपर्यंत नेताना पहिल्या सामन्यात मोहन बागानला 2-1 हरवलं. भारताचा पहिला सामना ताजिकिस्तानशी, त्यांच्याच घरी, तोही 2-1 जिंकला. उवैसचा लांब थ्रो, अन्वर अलीचा हेडर, मग झिंगनचा गोल. दोन्ही गोल बचावपटूंचे, हे मी आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही सांगाल.

अपयशं लपवायची गरज नाही. ईस्ट बंगालबरोबर लीग मिळाली नाही, मोहन बागानमध्ये काही जमलं नाही, आणि 2021-22 ला नॉर्थईस्ट अकरापैकी दहावं आलं. पंधरा वर्षांत तीन वाईट पानं.

स्वस्त? असेल. भाजी स्वस्त मिळाली म्हणून शिळीच असते असं आमच्या मंडईत तरी नाही. आलेल्या अर्जांतून तिघांची यादी झाली, त्यात आपल्याकडे दोनदा काम केलेला परदेशी कोच स्टीफन कॉन्स्टंटाइनही होता.

शेवटचा मुद्दा, भारतीय कोच म्हणजे बट्ट्याबोळ. आपली एशियाडची दोन्ही सुवर्णं, 1951 आणि 1962, सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखालची. जुनं झालं म्हणता? मग पुण्यातलंच घ्या. डेरिक परेरांचा पुणे एफसी 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरा आला. पुढे आयएसएलमध्ये एफसी पुणे सिटीकडे इंग्लंडचा माजी कर्णधार डेव्हिड प्लॅट कोच म्हणून आला, आणि संघ बाद फेरीलाही पोचला नाही. राष्ट्रीय संघाचं म्हणाल तर क्रोएशियाच्या इगोर स्टिमाचच्या काळात 2023 ला तीन करंडक मिळाले हे खरं. पण 2024 च्या आशिया चषकात तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही, आणि मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून हार, हेही त्याच माणसाचं. पासपोर्टवरून कोच ओळखता आला असता तर महासंघाने विमानतळावरच भरती केली असती.

आता ढाक्याचा हिशोब. खालिदने 1 ऑगस्टला सूत्रं घेतली तेव्हा आशिया चषक पात्रतेचे दोन सामने आधीच्या कोचकडे, मनोलो मार्केझकडे, होऊन गेले होते आणि खात्यात एकच गुण होता. खालिदच्या पात्रतेतल्या पहिल्या तीन सामन्यांतही एकच गुण आला. तो त्याच्या नावावर मांडा, माझी ना नाही.

आणि टीकाच करायची तर ढाक्यावर कशाला? तोवर आपण बाहेर पडलो होतो. गोव्यातल्या फातोर्ड्यावर करा, 14 ऑक्टोबर, सिंगापूर. घरचं मैदान, छांगटेचा लवकरचा गोल, 1-0 पुढे. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उई-याँगने बरोबरी केली, नंतर त्यानेच दुसरा मारला, आणि ज्याला बचावापलीकडे काही येत नाही म्हणता त्याच्या संघाला नेमकी आघाडी राखता आली नाही. त्या नव्वद मिनिटांवर कुणी नीट मेसेज लिहा. मी स्वतः ग्रुपवर टाकतो, माझ्या नावानं.