‘पैसे घेऊन संथ सर्व्हर दिला’ या अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय ग्राहक महोदय, सप्रेम नमस्कार.

‘साधा खोटा सर्व्हर लिहून द्यायचे पैसे घेतले, तोही इतका संथ की प्रत्येक रिक्वेस्टला पाच-पाच सेकंद थांबावे लागते, हेच काम फुकटच्या साधनाने एका कमांडमध्ये होते,’ असे आपण एक तारा देऊन लिहिले आहे. (खोटा सर्व्हर म्हणजे खऱ्या सेवेच्या जागी चाचणीपुरती ठरलेली उत्तरे देणारा प्रोग्राम.) आपल्या टेस्टिंग टीमचा खोळंबा झाला याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. मात्र आमचा व्यवसाय दोन माणसांचा आहे आणि नवे ग्राहक असे अभिप्राय वाचूनच आमच्याकडे येतात किंवा येत नाहीत, म्हणून संथपणाच्या आरोपाचा खुलासा येथेच करणे भाग आहे.

पाच सेकंदांचा विलंब आपल्याच लेखी मागणीत होता. पेमेंट गेटवेकडून उत्तर उशिरा आले तर आपली ऑर्डर सेवा काय करते, हे आपल्याला तपासायचे होते. ती सेवा पायथनच्या ‘रिक्वेस्ट्स’ लायब्ररीवर चालते, आणि कोडमध्ये टाइमआउट, म्हणजे थांबण्याची कमाल मुदत, स्वतःहून दिला नाही तर ही लायब्ररी उत्तराची वाट पाहतच राहते. खऱ्या गेटवेवर ही उणीव ऐन गर्दीच्या वेळी उघडी पडली असती. म्हणून विलंब केवळ पेमेंटची स्थिती सांगणाऱ्या एका मार्गावर (सर्व्हरवरील एका पत्त्यावर) ठेवला होता. अधूनमधून येणारा 503, म्हणजे ‘सेवा सध्या उपलब्ध नाही’ हा एरर कोड, हादेखील बिघाड नसून मागवलेलीच चाचणी आहे.

मग सगळ्याच रिक्वेस्ट का रखडल्या, हे आपल्या सहकाऱ्यांनी तक्रारीसोबत पाठवलेली फाइल उघडताच कळले. आम्ही दिलेल्या फाइलमध्ये ‘थ्रेडिंग एचटीटीपी सर्व्हर’ हा एकाच वेळी अनेक रिक्वेस्ट हाताळणारा क्लास (पायथनमधील तयार कोडचा भाग) वापरला होता, जो पायथन 3.7 पासून उपलब्ध आहे, आणि किमान 3.7 हवे ही सूचना फाइलच्या अगदी वरच्या ओळीत होती. आपल्या टेस्ट मशीनवर 3.6 आहे, ज्याला मूळ पायथन प्रकल्पाकडून मिळणारा आधार डिसेंबर 2021 मध्येच संपला. तेथे हा क्लास सापडत नाही अशी इम्पोर्टची एरर आली असणार, आणि कोणीतरी ती ओळ बदलून साधा ‘एचटीटीपी सर्व्हर’ बसवला. हा साधा क्लास एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो, त्यामुळे पेमेंटच्या मार्गावर पाच सेकंदांची स्लीप, म्हणजे मुद्दाम ठेवलेला थांबा, सुरू झाली की एकच खिडकी उघडी असलेल्या तिकीटघराप्रमाणे मागची सगळी रांग थांबते. ही ओळ बदलण्यापूर्वी आम्हाला एक फोन आला असता तर अनेक रिक्वेस्ट एकत्र हाताळण्याची सोय देणारा ‘थ्रेडिंग मिक्सइन’ जोडून 3.6 वरही तोच सर्व्हर कसा चालवायचा, हे आम्ही उभ्या उभ्या सांगितले असते. फोन आला नाही; थेट तारा आला.

राहिला पैशांचा मुद्दा. जेसन सर्व्हर हे खोटा सर्व्हर उभा करण्याचे उत्तम फुकट साधन आहे आणि एका जेसन फाइलवरून ते काही मिनिटांत एपीआय उभा करते, हे आम्हीच पहिल्या बैठकीत सांगितले होते. परंतु एकाच ऑर्डर क्रमांकाची स्थिती विचारल्यास पहिल्यांदा ‘प्रलंबित’, नंतर ‘यशस्वी’ असे उत्तर मिळावे आणि त्याच क्रमांकाची ऑर्डर दुसऱ्यांदा आल्यास 409, म्हणजे ‘आधीच्या नोंदीशी विसंगत’ हा एरर कोड, यावा, ही आपली अट होती. वायरमॉक या दुसऱ्या फुकट साधनात अशा अवस्था बांधता येतात, पण त्यासाठी जावा लागते, आणि आपल्या मशीनवर जावा टाकण्याची परवानगी नव्हती; पिपने (पायथनची पॅकेजे बसवण्याच्या साधनाने) बाहेरचे पॅकेज आणणेही मना होते. म्हणून केवळ पायथनसोबत येणाऱ्या लायब्ररीवर, एका फाइलीत सगळे बसवले. फाइल आटोपशीर दिसते म्हणून काम किरकोळ होते असे म्हणणे आम्हाला लागले, हे लपवत नाही.

यापुढे सर्व्हर सुरू होतानाच पायथनची आवृत्ती तपासून स्पष्ट संदेश द्यावा, असा बदल आम्ही करत आहोत. माहितीपत्रकातही यथावकाश सुधारणा होईल. 3.6 वर चालणारी फाइल आपल्या टीमला ईमेलने पाठवली आहे, त्याचे वेगळे शुल्क नाही. ती चालवून पाहावी, आणि विलंब ठरलेल्या एकाच मार्गावर दिसला तर अभिप्रायातील निदान संथपणाचे वाक्य तरी दुरुस्त करावे, ही विनंती. किमतीविषयीचे आपले मत आपण ठेवू शकता.

आपला नम्र,
संचालक