तीस सेकंदांचा नियम कोणत्याही कायद्यात नाही

इंदूरच्या मराठी मंडळांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. 'कॉपीराइटवाल्यांच्या दादागिरीला उत्तर' असे त्याचे शीर्षक असून त्यात पाच गोष्टी ठामपणे सांगितल्या आहेत. गाण्याचा तीस सेकंदांपेक्षा कमी भाग वापरला तर कॉपीराइट लागू होत नाही. व्हिडिओखाली 'सर्व श्रेय मूळ कलाकारांना' असे लिहिले की कोणी काही करू शकत नाही. धार्मिक किंवा विनामूल्य कार्यक्रमाला कॉपीराइट नसतोच. यूट्यूबने व्हिडिओ काढणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम 19 चा भंग आहे. आणि म्हणून व्हिडिओ गेला की क्षणाचाही विचार न करता काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे व्हिडिओ परत मागणारी उलट नोटीस, ठोकून द्यावे, कंपनी घाबरून माघार घेते.

असे संदेश मी एरवी वाचून सोडून देतो. परंतु हा माझ्या मावशीपर्यंत पोचला. रामबागेतल्या तिच्या भजनी मंडळाच्या चॅनलवरील एका व्हिडिओला स्ट्राइक लागला होता, म्हणजे तक्रारीवरून तो काढून चॅनलच्या नावे ठपका ठेवला गेला होता, आणि दुसऱ्यावर कंटेंट आयडी या यूट्यूबच्या यंत्रणेकडून दावा आला होता. या संदेशावर विसंबून तिने घरचा पत्ता आणि फोन क्रमांक यांसह काउंटर नोटिफिकेशनचा अर्ज पूर्ण भरला होता आणि 'इंग्रजी तेवढे बघून दे' म्हणून माझ्याकडे पाठवला होता. म्हणून पाचव्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. बाकीचे चार नुसते चुकीचे आहेत. हा मात्र अंगाशी येणारा आहे.

काउंटर नोटिफिकेशन हा तक्रारअर्ज नव्हे. अमेरिकेच्या 1998 सालच्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्याने घालून दिलेला तो एक कायदेशीर दस्तऐवज आहे. त्यात आपण लिहून देतो की हा व्हिडिओ चुकीमुळे किंवा ओळखण्यातील गफलतीमुळे काढला गेला असे आपण प्रामाणिकपणे मानतो, आणि हे विधान खोटे ठरल्यास खोटी साक्ष दिल्याबद्दलच्या शिक्षेची जबाबदारी आपल्यावर राहील. पत्ता अमेरिकेबाहेरचा असेल, तर यूट्यूबचे कार्यालय ज्या न्यायक्षेत्रात आहे तेथील संघीय न्यायालयाचा, म्हणजे कॅलिफोर्नियातील न्यायालयाचा, अधिकार आपल्याला मान्य आहे असेही त्यातच लिहून द्यावे लागते. हा सगळा मजकूर, आपल्या नाव-पत्त्यासह, दावेदाराकडे जातो. त्यानंतर त्याला अमेरिकी कामकाजाचे 10 दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने न्यायालयात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येतो, दिला तर येत नाही. 'क्षणाचाही विचार न करता' करण्याजोगी ही गोष्ट आहे काय?

लहानसहान मंडळावर खटला भरण्यासाठी कंपन्या सहसा कॅलिफोर्नियात धाव घेत नाहीत, हे मला मान्य आहे, आणि संदेशातील 'घाबरतात' या शब्दामागे तेवढेच अर्धसत्य असावे. परंतु समोरचा खटला भरणार नाही या भरवशावर आपण खोटे प्रतिज्ञापूर्वक लिहून द्यावे, हा सल्ला सत्तरी ओलांडलेल्या बाईला देणाऱ्याने त्याखाली स्वतःचे नाव घालण्याचे धाडस तरी दाखवायला हवे होते. मावशीच्या ज्या व्हिडिओला स्ट्राइक लागला, त्यात मंडळाने एका कंपनीच्या कराओके ट्रॅकवर गाणी म्हटली होती. तो ट्रॅक कंपनीचाच होता. तेथे चूक कसली आणि गफलत कसली?

त्याहून मोठा गोंधळ असा की संदेश लिहिणाऱ्याला दावा आणि स्ट्राइक यांतील भेदच ठाऊक नाही. कंटेंट आयडी ही यूट्यूबची 2007 पासूनची स्वयंचलित यंत्रणा आहे. हक्कधारक कंपनी आपल्या ध्वनिमुद्रणाची प्रत तिच्या हवाली करते, त्या प्रतीवरून एक डिजिटल ठसा तयार होतो आणि अपलोड होणारा व्हिडिओ अशा ठशांशी ताडून पाहिला जातो. काही जुळले की दावा लागतो. अशा वेळी व्हिडिओ बहुधा जागेवरच राहतो, जाहिरातींचे पैसे दावेदाराकडे वळतात आणि चॅनलला स्ट्राइक लागत नाही. येथे काउंटर नोटिफिकेशनचा संबंधच येत नाही. येथे डिस्प्यूट, म्हणजे दाव्याला यूट्यूबवरच हरकत, करावयाचा असतो आणि त्याला उत्तर देण्यासाठी दावेदाराला 30 दिवस असतात. स्ट्राइक मात्र कोणी रीतसर विनंती करून व्हिडिओ काढायला लावला की लागतो, आणि 90 दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनलच बंद होऊ शकते.

आता तीस सेकंद. आपला कॉपीराइट कायदा 1957 सालचा असून हक्कभंग कशाला म्हणू नये याची यादी त्याच्या कलम 52 मध्ये आहे. ती लांबलचक आहे, पण तिच्यात सेकंदांचा हिशेब कोठेही नाही. तेथे विचार आहे तो कारणाचा: खासगी वापर व संशोधन, त्या किंवा दुसऱ्या कृतीची समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन. समीक्षेसाठी घेतलेला मिनिटभराचा तुकडा या कलमात बसू शकतो आणि नुसत्या सजावटीसाठी घेतलेला दहा सेकंदांचा बसणार नाही. केरळ उच्च न्यायालयाने 1996 साली सिविक चंद्रन प्रकरणात तीन गोष्टी पाहिल्या: टीकेच्या मानाने किती आणि कोणता मजकूर उचलला, तो कशासाठी उचलला, आणि त्यामुळे मूळ कृतीशी स्पर्धा होण्याचा संभव आहे काय.

तीस सेकंदांवर श्रद्धा असणाऱ्यांनी अमेरिकेतील लेन्झ खटला अवश्य पाहावा. स्टेफनी लेन्झ या बाईंनी 2007 साली आपल्या तान्ह्या मुलाचा नाचतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला होता. मागे प्रिन्स या गायकाचे गाणे अस्पष्टसे वाजत होते. व्हिडिओची लांबी 29 सेकंद होती. युनिव्हर्सल कंपनीने तो काढायला लावला आणि भांडण अनेक वर्षे न्यायालयात चालले. नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने 2015 साली जे सांगितले ते असे, की नोटीस पाठवण्यापूर्वी हा वापर कायद्याने मुभा दिलेला आहे काय, याचा विचार हक्कधारकाने करायलाच हवा. '29 सेकंदच होते, म्हणून सोडा' असे ते म्हणाले नाही.

छोट्या वापराला कायदा अगदीच मोजत नाही असेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 साली इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या वादात, वापर इतका क्षुल्लक असू शकतो की न्यायालयाने त्याची दखलच घेऊ नये, हे तत्त्व लागू केले. परंतु तो निर्णय हानी किती, हेतू काय अशा गोष्टी तोलून दिलेला होता, घड्याळ पाहून नव्हे.

श्रेयाच्या ओळीबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. कलम 57 नुसार कृती आपली आहे असे म्हणण्याचा लेखकाचा हक्क हा आर्थिक हक्कांपासून स्वतंत्र आहे; श्रेय दिल्याने त्या एका हक्काचा मान राखला जातो, वापराची परवानगी त्यातून मिळत नाही. उलट 'हे गाणे आमचे नाही' ही आपण स्वतःच दिलेली लेखी कबुली असते.

धार्मिक आणि विनामूल्य कार्यक्रमांविषयीचा मुद्दा मात्र पुरता खोटा नाही, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. कलम 52 च्या एका उपकलमानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणे सादर करणे किंवा ध्वनिमुद्रण वाजवणे हा हक्कभंग नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभही त्यातच धरले आहेत. केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाने 2023 च्या जुलैमध्ये जाहीर सूचना काढून लग्नसमारंभांपुरते हे पुन्हा स्पष्टही केले. हौशी मंडळाने पैसे न आकारता श्रोत्यांपुढे गावे, यालाही त्याच कलमात सूट आहे. म्हणजे मावशीचे मंडळ गणपतीसमोर जे गाते, त्याला कोणी हात लावू शकत नाही. परंतु ही सूट त्या समारंभाची आणि त्या श्रोत्यांची आहे. तोच कार्यक्रम चित्रित करून जगभर कोणीही, केव्हाही पाहू शकेल असा ठेवणे ही कायद्याच्या लेखी वेगळी कृती आहे, आणि मांडवातली सूट तिच्यामागोमाग यूट्यूबवर जात नाही.

या मुद्द्यात मंडळांच्या खरोखर कामाची जी गोष्ट होती, ती संदेशाने सांगितलीच नाही. एका गाण्यात अनेक हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो, तर ध्वनिमुद्रणाचा ते प्रसिद्ध झाल्यापासून 60 वर्षे. ही मुदत पूर्वी 50 वर्षांची होती आणि रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आले तेव्हा 1991-92 मध्ये ती वाढवण्यात आली. आपले भा. रा. तांबे रवींद्रनाथांच्याच वर्षी, 1941 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या कवितांनाही आपोआप दहा वर्षे वाढवून मिळाली. तरीही त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता 2001 च्या अखेरीस सर्वांच्या झाल्या. त्या कोणीही, कोठेही, स्वतःच्या चालीवर, पेटीच्या साथीने गाव्यात आणि यूट्यूबवर बिनदिक्कत टाकाव्यात. मात्र त्याच कविता लताबाईंच्या आवाजात ज्या रूपात घरोघरी पोचल्या, ती चाल आणि ते ध्वनिमुद्रण वेगळे, त्यांचे मालक वेगळे आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या.

कलम 19 चा मुद्दा ऐकायला सर्वांत भारदस्त आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्य ही प्रामुख्याने राज्यसंस्थेविरुद्ध दिलेली हमी आहे. खासगी कंपनीने स्वतःच्या अटींनुसार केलेली कारवाई त्यात सरळसोट बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी 2023 मध्ये कौशल किशोर प्रकरणात, कलम 19 आणि 21 चे हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात, असे चार विरुद्ध एक मतांनी म्हटले आहे, हे खरे आहे आणि ते मला सांगितलेच पाहिजे. परंतु त्यावरून दुसऱ्याचा कराओके ट्रॅक वापरणे हा मूलभूत हक्क ठरत नाही. श्रेया सिंघल निकालाचा दाखलाही संदेशात आहे. त्या 2015 च्या निकालाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66 अ रद्द केले आणि मजकूर काढण्याची सक्ती होण्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची अधिसूचना लागेल असे ठरवले. कॉपीराइटपुरते मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 च्या मायस्पेस प्रकरणात सांगितले, की हक्कधारकाने नेमका मजकूर दाखवून दिला की पुरे, न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. कलम 19 ची खरी कसोटी लागते ती माहिती तंत्रज्ञान कायद्याच्याच कलम 69 अ खालील, मजकूर रोखण्याच्या सरकारी आदेशांमध्ये, ज्यांच्याबाबत नियमांनीच गोपनीयता घालून दिली आहे आणि ज्यांची कारणे मजकूर लिहिणाऱ्याला बहुधा कळतच नाहीत. त्याविषयी या संदेशात अवाक्षर नाही.

एवढे सगळे लिहून झाल्यावर 'म्हणजे कंपन्यांचे सगळे बरोबर' असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. कंटेंट आयडी मूर्खासारखी वागते याचे पुरावे आहेत. ऑस्ट्रेलियातील एका संगीतज्ञाने तयार केलेल्या दहा तासांच्या निव्वळ खरखरीच्या व्हिडिओवर पाच दावे लागल्याचे 2018 च्या आरंभी उघड झाले. त्याच वर्षी जेम्स ऱ्होड्स या पियानोवादकाने स्वतः वाजवलेल्या बाखच्या रचनेतील 47 सेकंदांवर फेसबुकवर सोनी म्युझिकचा दावा आला. बाख 1750 साली वारला होता. स्ट्राइकचा धाक दाखवून पैसे मागितले जातात, असा जाहीर आरोप मे 2025 मध्ये मोहक मंगल या यूट्यूबरने एएनआय वृत्तसंस्थेवर केला आणि तो वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. निराधार धमक्यांविरुद्ध दाद मागण्याची सोय आपल्याच कायद्याच्या कलम 60 मध्ये आहे. दादागिरीला उत्तर द्यायला निघालेल्या या संदेशात नेमके तेच कलम नाही.

मावशीचा दुसरा व्हिडिओ याच जातीचा आहे. त्यात मंडळाने समर्थांची आरती टाळ-पेटीवर स्वतः म्हटली आहे, परंपरेने चालत आलेल्या चालीवर, कोणाचेही ध्वनिमुद्रण न वापरता. तरीही एका कंपनीच्या आरतीसंग्रहाशी जुळवून यंत्रणेने त्यावर दावा ठोकला आहे. तेथे डिस्प्यूट जरूर करावा. कारण विचारले जाईल तेव्हा, रचना सार्वजनिक मालकीची असून गायन व वादन मंडळाचेच आहे असे दोन वाक्यांत लिहावे. दावेदाराने डिस्प्यूट फेटाळलाच, तर अपील करण्यापूर्वी मंडळाच्या बैठकीत एकदा विचार करावा, कारण त्या पायरीवर दावेदार व्हिडिओ काढण्याची रीतसर विनंती करू शकतो आणि मग स्ट्राइक लागतो. कराओकेच्या व्हिडिओपुरते काउंटर नोटिफिकेशन पाठवू नये. 90 दिवस जाऊ द्यावेत, यूट्यूब सांगते ते कॉपीराइटचे छोटे प्रशिक्षण पुरे करावे आणि तीच गाणी पेटीवर पुन्हा म्हणण्याआधी कोणत्या गाण्यांच्या शब्दांची आणि चालींची मुदत संपली आहे, तेवढे पाहून घ्यावे.