वेळापत्रक ठीक, पण झोप कुठे बसवली?

परीक्षेच्या तयारीसाठी पालकांनी मुलांसोबत बसून अभ्यासाचं वेळापत्रक करावं, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण त्यात झोप उरेल तेवढी धरलीय, गाडी तिथेच घसरते. 13 ते 18 या वयात रोज 8 ते 10 तास झोप लागते. आधी ते तास टाका, मग अभ्यासाचे. वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, त्यामुळे जागून केलेलं पाठांतर नीट टिकत नाही. संध्याकाळनंतर कॉफीही नको. साधारण 5 तासांनी निम्मं कॅफिन अंगात उरलेलंच असतं.

‘किती धडे झाले?’ हे विचारणं तर बंदच करा. धडा पुन्हापुन्हा वाचला की येतोय असं वाटतं, कोऱ्या कागदावर मात्र आठवत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, पूर्ण वेळ सोडवू द्या. नंतर गुणांपेक्षा चुकांची जात बघायची: संकल्पनाच कळली नव्हती, प्रश्न घाईत वाचला, की वेळ पुरला नाही? तिन्हींवर उपाय वेगळे. (तपासणी मुलानेच करावी, नाहीतर घरात भांडणाला आणखी एक निमित्त.) अर्ज आणि शुल्काच्या शेवटच्या तारखा मात्र पालकांनी खुशाल स्वतःकडे घ्याव्यात.