सुखी अणू कसे व्हाल?

'इलेक्ट्रॉन वाटून घेतले की दोघांचंही भलं होतं' हे शाळेच्या पुस्तकात वाचून तुम्ही भारावला असाल, तर आधी जमिनीवर या. उदारपणाचा इथे काडीचाही संबंध नाही. बाहेरच्या कवचात आठ भरत नाहीत, आहेत ते सोडून देणं परवडत नाही, आणि समोरचाही तितकाच हावरा असल्याने हिसकावता येत नाहीत. अशी कोंडी झाली की नाइलाजाने जे करावं लागतं, त्याला सहसंयुज बंध म्हणतात.

सुरुवात हायड्रोजनपासून करा. गडी एका इलेक्ट्रॉनचा धनी, दोन मिळाले की खूश. दुसऱ्या हायड्रोजनकडे सरकत जातो, इलेक्ट्रॉनांना दोन्ही केंद्रकांची ओढ लागते आणि ऊर्जा उतरत जाते. ७४ पिकोमीटरवर मात्र तो थांबतो, कारण त्याहून जवळ गेलं की केंद्रकंच एकमेकांना ढकलायला लागतात. तेव्हा गळ्यात गळा घालताना फूटपट्टी हाताशी असू द्या. या व्यवहारात मोलमागे ४३६ किलोज्यूल बाहेर पडतात. 'बंध तोडला की ऊर्जा मिळते' असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांच्या नादाने तोडायला जाल, तर तेच ४३६ पदरचे भरावे लागतील.

समसमान वाटणी हवी असेल तर आपल्यासारखाच अणू गाठा. फ्लुओरिनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढायची ताकद, पॉलिंगच्या मापावर ३.९८, हायड्रोजनची २.२०. जोडी म्हणायला दोघांची, पण मुक्काम जास्त करून फ्लुओरिनकडे. तक्रार करू नका, याला 'ध्रुवीय सहसंयुज बंध' म्हणतात, आणि नाव भारदस्त असलं की अन्याय बोचत नाही. (हाच फ्लुओरिन दुसऱ्या फ्लुओरिनशी जुळला की बंध जेमतेम १५८ किलोज्यूलचा. दोघांच्या बिनवाटपाच्या जोड्या एकमेकींच्या अंगावर येतात. हावऱ्यांचं आपसात जमत नाही ते असं.)

एकदा बस्तान बसलं की नायट्रोजनसारखं वागा. तीन जोड्या वाटून घ्यायच्या आणि मग कुणालाही दाद द्यायची नाही. लोखंडाचा उत्प्रेरक, चारशेच्या वर अंश तापमान, वातावरणाच्या दोनशेपट दाब, एवढा मानपान झाला तर अमोनिया व्हायचा विचार करावा.

अमोनियाचा भाबडेपणा मात्र उचलू नका. हायड्रोजनचा आयन रिकाम्या हाताने दारात येतो आणि हा अख्खी जोडी त्याच्यापुढे ठेवतो. अमोनियम तयार झाला की चारही बंध हुबेहूब सारखे. आपले दोन्ही इलेक्ट्रॉन नेमके कोणत्या बंधात गेले, हे खुद्द नायट्रोजनलाही दाखवता येत नाही.

राहता राहिली कागदपत्रं. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी, हे रसायनशास्त्रज्ञ लुईसने १९१६ साली मांडलं, तेव्हापासून कागदावर इलेक्ट्रॉनांचे ठिपके जुळवून दाखवले की काम भागतं. ऑक्सिजनकडून शिकावं. कागदावर दुहेरी बंध, दोघांचीही अष्टकं पूर्ण, एकही ठिपका एकटा नाही. मग त्याला गार करून द्रव करा आणि जोरदार चुंबकाच्या ध्रुवांमधून ओता. फिकट निळा द्रव खाली पडायचं सोडून ध्रुवांमध्येच अडकून लोंबकळतो, कारण दोन इलेक्ट्रॉन अजून सुटेच आहेत, आणि चुंबकाकडे ओढले जातात ते असे सुटेच. परीक्षेत आकृती मात्र जुळलेल्या ठिपक्यांचीच काढा, मार्क पूर्ण मिळतात.