वांग्याचे भरीत, एक-दोन-तीन

आपला पासवर्ड भर दुकानात, सात गिऱ्हाइकांच्या साक्षीने, एकेक अक्षर फोडून सांगावा लागणे हा अपमान कुठल्याही कायद्यात बसत नाही, म्हणून गेल्या गुरुवारी मी तो मुकाट्याने गिळला. पचलेला मात्र अजून नाही.

लॅपटॉप सात वर्षांचा. नववीचे निकालपत्रक भरायच्या ऐन मोक्याला तो सुरू व्हायला अकरा मिनिटे घेऊ लागला आणि सुरू झाल्यावरही एखाद्या रकान्यावर थिजून बसू लागला. टास्क मॅनेजर, म्हणजे यंत्राचा कुठला भाग किती राबतो आहे हे दाखवणारी खिडकी, उघडला, तर प्रोसेसर निवांत होता आणि डिस्कचा आकडा मात्र १०० टक्क्यांवरून उतरायला तयार नव्हता. जळगावात या दिवसांत काहीही बिघडले तरी दोष उन्हाला देण्याची सोय असते. दूध नासले, ऊन. माणूस खेकसला, ऊन. त्याच न्यायाने घरच्यांनी लॅपटॉपला कूलरसमोर बसवले. हार्ड डिस्क साधारणपणे ६० अंशांपर्यंत तग धरते, आपल्याकडे पारा अजून ४४ वरच आहे, हे माझे म्हणणे कोणी ऐकले नाही. चौथ्या दिवशी आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला, डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या सॉफ्टवेअरने पिवळा इशारा दाखवला, आणि मी दुकान गाठले.

काउंटरवरच्या मुलाने मान वर न करताच निदान केले, “व्हायरस आहे सर. फॉरमॅट मारू. पाचशे.”

याच मुलाने जानेवारीत आणि मार्चमध्ये हाच रोग सांगून हेच औषध दिले होते, आणि दोन्ही वेळा पाचशे घेतले होते. घाईघाईचे फॉरमॅट तबकडीवरच्या खराब जागांची तपासणीसुद्धा करत नाही. भिंतीला ओल आलेली असताना तिच्यावर नवे कॅलेंडर टांगण्यासारखा तो प्रकार आहे. मी पिवळ्या इशाऱ्याविषयी सांगू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “पासवर्ड सांगा.”

मी कागद मागितला. तो म्हणाला, “बोला ना सर, इथे कोण परके आहे?” मग मी हळूच म्हणालो, “वांग्याचेभरीत एकदोनतीन. इंग्रजी अक्षरांत.”

“वांग्यातला व्ही की डब्ल्यू?” हा प्रश्न त्याने ज्या आवाजात विचारला, तो खालच्या रस्त्यावरील रसवंतीपर्यंत नक्की गेला असावा. एका बाईंनी डब्ल्यूच्या बाजूने कौल दिला, मोबाइलची काच बदलायला आलेल्या तरुणाने व्ही लावून धरला, आणि मालक मी असूनही माझे मत कोणी विचारात घेईना. तेवढ्यात बाकावर बसलेले, पारोळ्याकडचे एक टोपीवाले आजोबा म्हणाले, “बामनोदनं वांगं लिख भो, नुसतं वांगं कसं चाली?” बामनोद म्हणजे भरिताच्या वांग्यांचे गाव, त्यामुळे सगळे दुकान हसले. मुलाने एका चिकटपट्टीवर ठसठशीत मार्करने पासवर्ड लिहिला आणि लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवला.

आजोबा नातवाच्या मोबाइलसाठी आले होते, पण आता त्यांनी माझे प्रकरण हाती घेतले. “काय व्हयनं याले?” असे विचारून त्यांनी काउंटरवरचा स्क्रूड्रायव्हर उचलला, त्याचे टोक चालू लॅपटॉपच्या पोटाला लावले, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. विहिरीवरच्या मोटारीची दुखणी खानदेशात अशीच ऐकतात. दुकान स्तब्ध झाले. तो मुलगासुद्धा स्तब्ध झाला, जो माझ्यासाठी एकदाही झाला नव्हता.

“बेरिंग गयी,” आजोबांनी निकाल दिला. “दुसरं काही नही.”

मी ओशाळलो, कारण बेरिंगचे सोडले तरी दुखणे यंत्राचे आहे, व्हायरसचे नाही, हे त्यांनी अर्ध्या मिनिटात ओळखले होते. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगते. ते चाचपडू लागले की पुन्हा पुन्हा मागे येते आणि टक्-टक् वाजते. १९५६ साली आयबीएमने काढलेली पहिली हार्ड डिस्क कपाटाएवढी होती, तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरे. आजोबांना ती आवडली असती. स्क्रूड्रायव्हर कुठे लावायचा याला भरपूर वाव होता.

“आतलं सगळं दुसरीकडे कुठे ठेवलंय का?” मुलाने विचारले. मी नाही म्हणालो. आजोबांनी माझ्याकडे, पेरणीच्या वेळी रिकामी कणगी दाखवणाऱ्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. “एकच घरमा बियानं ठेवतस का कोनी?” मी शिक्षक आहे हे त्यांना कोणी सांगू नये, अशी मी मनोमन प्रार्थना करत असतानाच मुलगा म्हणाला, “सर शाळेत आहेत.”

आजोबांच्या शब्दावर डिस्क बदलायचे ठरले; माझा शब्द सोमवारपासून तोच होता. तबकडी नसलेली एसएसडी बसली, जुन्या डिस्कवरून निकालपत्रक सुटले, नववी ‘ब’चे दोन रकाने वगळून, आणि ते मला रविवारी उत्तरपत्रिकांवरून पुन्हा भरावे लागले. बिलात एसएसडीच्या खाली आणखी एक ओळ होती : फॉरमॅट, ५०० रुपये. मी विचारले, तर मुलगा म्हणाला, “नव्या डिस्कवर विंडोज टाकायचं म्हणजे फॉरमॅटच ना सर.”

पासवर्ड मी त्याच रात्री बदलला. चिकटपट्टी मात्र खोबरेल लावूनही निम्मीच निघाली आहे, आणि काल शिक्षक-खोलीत दोघांनी मला स्वतंत्रपणे विचारले की, भरिताची पार्टी कधी आहे.